सांगलीतला खजूर: साठवण अव्वल, मिठाई काठावर पास

सांगलीत खजूर मिळत नाही, असे कधीच नव्हते. गणपती पेठेतल्या किराणा मालाच्या दुकानांत तो वर्षभर असतो, रमजानच्या महिन्यात मिरजेत गाड्या लागतात आणि श्रावणात उपवासाच्या सामानाबरोबर प्रत्येक वाण्याकडे त्याची पाकिटे लटकतात. मात्र खजूर विकणे आणि तो नीट सांभाळून विकणे ही दोन निराळी कामे आहेत. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील खजुराचे प्रक्रिया केंद्र आणि त्याच्या दर्शनी भागातील विक्रीचे दालन यांचे हे परीक्षण लिहिताना मी मुख्यतः दुसऱ्या कामाकडे पाहिले आहे. माझे मत आधीच सांगते: येथील डबाबंद खजूर, खजुराचे सिरप आणि खारकेची पूड निःशंकपणे घ्यावी, रोल व बर्फी चव घेऊन मगच घ्यावी, आणि दालनाच्या दारात मांडलेला सुटा माल मात्र घेऊ नये.

हे केंद्र सांगलीत उभे राहिले, यात नवल वाटण्याचे कारण नाही. पूर्वी हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद वर्षानुवर्षे टिकवणारा आणि तासगाव-मिरजेच्या शीतगृहांत बेदाण्याचे बॉक्स थरांवर थर लावून ठेवणारा हा जिल्हा आहे. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याच्या कितीतरी आधीपासून येथील व्यापाऱ्याला सुकामेवा ओलाव्याने कसा बिघडतो, रंग कसा उतरतो आणि अळी कुठून शिरते, हे ठाऊक आहे. केंद्र चालवणारे कुटुंबही मूळचे बेदाण्याच्या व्यापारातले असल्याचे तेथे सांगण्यात आले, आणि मालाकडे पाहण्याची त्यांची रीत बघता ते पटते. तरीही बेदाण्याचा अनुभव खजुराला जसाच्या तसा लागू होत नाही. चांगल्या वाळलेल्या बेदाण्यात पंधरा टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो, तर किमिया नावाने विकल्या जाणाऱ्या काळ्या मऊ खजुरात तो तीस टक्क्यांच्या वर जातो. ज्या हवेत बेदाणा सुखाने राहतो, त्या हवेत किमिया आंबतो.

खजुराच्या जाती आणि त्यांचा ओलावा ही गोष्ट दालनातील फलकावर बऱ्यापैकी सोप्या मराठीत लिहिलेली आहे, हे मला विशेष आवडले. पिवळसर, घट्ट आणि स्वस्त झाहिदी हा मुख्यतः इराकचा. किमिया म्हणजे इराणमधील बम भागाचा मजाफती. अर्धवट कोरडा, मधाच्या रंगाचा देगलेत नूर अल्जीरिया व ट्युनिशियाचा, तर अजवा मदिनेचा. मेदजूल मूळचा मोरोक्कोचा असला तरी आज तो जॉर्डन खोऱ्यासह अनेक ठिकाणी पिकतो. खजुराच्या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात देगलेत नूरसारख्या, उसाच्या साखरेचा अंश टिकवून ठेवणाऱ्या जातींसाठी ओलाव्याची सर्वसाधारण मर्यादा २६ टक्के आहे, आणि ज्या जातींत ती साखर पिकताना ग्लुकोज व फ्रुक्टोजमध्ये बदलते त्यांच्यासाठी ३० टक्के. हा फरक व्यवहारात महत्त्वाचा ठरतो, कारण कोणता खजूर कपाटात ठेवायचा आणि कोणता फ्रिजमध्ये, हे त्यावरूनच ठरते. येथे प्रत्येक डब्यावर जात, मूळ देश, भरल्याची तारीख आणि कोणत्या तापमानाला ठेवावा ही सूचना छापलेली आहे. इतर दुकानांत 'प्रीमियम' आणि 'स्पेशल' याखेरीज जातीचे नावही सापडत नाही, तेव्हा एवढेही पुष्कळ म्हणायचे.

प्रक्रियेचा विभाग काचेच्या भिंतीतून पाहता येतो, आणि विनंती केल्यास टोपी व पायमोजे घालून आतही नेतात. न्हावा-शेवा बंदरातून आलेला माल प्रथम थेट गोठवण खोलीत जातो. खजुराचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे साठवणीतील कीड: दातेरी भुंगेरा आणि सुक्या मेव्यावरचे पतंग यांची अंडी फळासोबत येतात आणि उष्णता मिळाली की उबतात. पूर्वी यासाठी मिथाइल ब्रोमाइडची धुरी सर्रास दिली जाई, पण ओझोनच्या थराला घातक म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार हा वायू विकसित देशांत २००५ पासून आणि विकसनशील देशांत २०१५ पासून, विलगीकरण व निर्यातपूर्व उपचार यांसारखे अपवाद सोडून, वापरातून काढण्यात आला. गोठवणे हा त्याला स्वच्छ पर्याय आहे. उणे १८ अंश सेल्सियसला फळाच्या गाभ्यापर्यंत थंडी पोचून दोन दिवस टिकली की अंडी, अळी आणि भुंगा तिन्ही मरतात. यात बहुतेक व्यापारी फसतात ते 'गाभ्यापर्यंत' या अटीवर, कारण दहा किलोच्या घट्ट बॉक्सच्या मधल्या खजुरापर्यंत थंडी पोचायलाच बराच वेळ लागतो. येथे बॉक्सच्या मध्यभागी तापमापकाची तार खोचून मगच वेळ मोजायला सुरुवात करतात. हे मी स्वतः पाहिले आणि या केंद्राबद्दलचा माझा विश्वास तेथेच बसला.

मेलेली कीड ही देखील कीडच, म्हणून पुढची पायरी निवडीची. स्टीलच्या लांब टेबलांवर वरून पांढरा प्रकाश असतो आणि दोन्ही बाजूंना बसलेल्या महिला एकेक फळ हाताळतात. बी काढून विकायच्या मालासाठी येथे यंत्र वापरत नाहीत. अंगठ्याच्या नखाने फळ उभे उघडायचे, बी काढायची, आत एक नजर फिरवायची आणि पाकळ्या परत मिटवायच्या, ही कृती इतकी झपाट्याने होते की पाहणाऱ्याला आत नेमके काय दिसले तेच कळत नाही. माझ्यासमोर एका महिलेने बाहेरून निर्दोष, तुकतुकीत दिसणारे एक फळ उघडून माझ्यापुढे धरले. बीच्या जागी काजळीसारखी काळी भुकटी होती. ही बुरशी आतूनच वाढते आणि बाहेर तिचा मागमूस नसतो. यंत्राने बी काढली असती तर हे फळ पाकिटात गेले असते. "काकू, वरून सगळी सारखीच दिसतात, उघडल्यावर खरं कळतं," असे ती म्हणाली आणि ते फळ बाजूच्या बादलीत टाकून दुसरे उचलले. अख्खा बीसकट खजूर घेणाऱ्याने म्हणूनच खाण्यापूर्वी तो नेहमी उघडून पाहावा. ही सूचना मात्र डब्यावर नाही, ती असायला हवी.

झाहिदीसारखा कडक माल धुतल्यानंतर थोडा वेळ वाफेवर धरतात, त्यामुळे त्याची साल मऊ होते आणि गर सैल पडतो. वाफ जास्त झाली तर खजूर चिकट होऊन पाकिटात त्याचा गोळा होतो, आणि माझ्या एका खरेदीत तसा गोळा आलाही होता. तक्रार करताच पाकीट बदलून मिळाले.

खरे कौतुक शीतगृहाचे. मऊ खजूर शून्य अंशाच्या जवळ आणि हवेतील आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या आसपास ठेवलेली असते. आर्द्रता वाढली तर सालीवर पाणी सुटून यीस्टमुळे माल आंबतो, कमी झाली तर फळ आक्रसून कडक होते, म्हणून तापमानाइतकेच आर्द्रतेच्या काट्यावरही लक्ष ठेवावे लागते. दर खोलीबाहेर दोन्हींची नोंदवही टांगलेली आहे आणि तिच्यातील रकाने खरोखर भरलेले आहेत. एकाच शाईत एकाच हाताने आठवड्याच्या नोंदी एका बैठकीत लिहिल्याचा प्रकार येथे आढळला नाही. खजूर वास फार लवकर ओढून घेतो, हेही येथे ओळखलेले आहे. सांगलीत शीतगृहाची जागा भाड्याने घेतली की शेजारच्या कप्प्यात हळद, मिरची, चिंच काहीही असू शकते. आपल्या मालाला मिरचीचा वास लागल्यानंतरच या मंडळींनी स्वतःची खोली बांधली, असे व्यवस्थापकांनी हसत सांगितले. बॉक्स जमिनीला टेकू न देता लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून हात राहील इतक्या अंतरावर रचलेले आहेत, आणि आधी आलेला माल आधी बाहेर काढला जातो. यात नवे शास्त्र काही नाही, पण जे सर्वांना ठाऊक आहे तेच रोज करणे आपल्या बाजारात किती दुर्मीळ आहे, हे ग्राहकाला सांगायला नको.

घरी नेलेल्या खजुरावर काही काळाने पांढरे ठिपके दिसू लागले की अनेक जण बुरशी समजून डबा फेकून देतात. सालीखाली खडबडीत, दाताखाली कुरकुरणारे आणि कोमट पाण्यात विरघळणारे ठिपके असतील, तर ती साखर असते. फळातील साखरेचे स्फटिक होऊन ते सालीजवळ येतात आणि थोड्या उष्णतेने पुन्हा विरतात. याउलट सालीवर कापसासारखा तंतुमय थर, आंबूस वास किंवा बुडबुडे दिसले तर डबा टाकून द्यावा. येथील विक्रेती मुलगी हा फरक स्वतःहून समजावून सांगते आणि किमियाचा डबा हातात देताना "काकू, घरी गेल्या गेल्या हा फ्रिजातच ठेवा, ओट्यावर नको," असे बजावते. मी मुद्दाम त्यातील काही खजूर उन्हाळ्यात बाहेर ठेवून पाहिले, आणि ते तिने सांगितल्याप्रमाणे आंबले. त्याच डब्यातले फ्रिजमधले खजूर मात्र शेवटपर्यंत चांगले राहिले.

आता दारातल्या ढिगाबद्दल. आत एवढी काळजी घेणारे हे लोक दालनाच्या उंबऱ्याजवळ पितळी परातीत सुटा खजूर रचून ठेवतात, वर पातळ जाळी टाकतात आणि बाहेर कुपवाडच्या रस्त्यावरून ट्रक जात असतात. त्या खजुराची चमकही संशय येण्याइतकी जास्त आहे. विचारल्यावर कळले की त्याला ग्लुकोजच्या पाकाचा हात दिलेला आहे. हा प्रकार बेकायदा नाही, डबाबंद चमकदार मालाच्या घटकांत त्याचा उल्लेखही बारीक अक्षरात आहे, पण सुट्या मालावर कोणतीच चिठ्ठी नसते आणि ग्राहक ती चमक ताजेपणाची समजतो. शिवाय पाकामुळे धूळ चिकटते ती वेगळीच. लग्नसराईत आणि सणात घाऊक गिऱ्हाईक या ढिगाकडे ओढले जाते, असे कारण देण्यात आले. कारण समजण्यासारखे आहे, पण ज्या केंद्राची सारी पत थंड खोलीवर उभी आहे, त्याने आपला माल उन्हात मांडू नये.

पदार्थांत सर्वांत सरस आहे ते सिरप. बी काढलेला खजूर गरम पाण्यात भिजवून त्याचा अर्क काढतात, चोथा गाळून वेगळा करतात आणि निर्वात भांड्यात कमी तापमानाला पाणी आटवतात, म्हणजे साखर जळत नाही आणि रंग काळपट होत नाही. विद्राव्य घटकांचे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर गेले की ते टिकाऊ होते. या बाटलीतले सिरप चमच्यातून पडताना काकवीसारखी अखंड धार धरते, आणि काकवीत असणारा खारट तुरटपणा त्यात नाही. शेवटी जिभेवर कॅरॅमलची पुसटशी चव राहते. आमच्याकडे भडंगाची भेळ करताना चिंच-खजुराच्या चटणीत गुळाऐवजी हेच घातले आणि खजूर भिजवून वाटण्याचा खटाटोप वाचला. मात्र चटणीला येणारा दाटपणा यातून येत नाही, कारण तंतू चोथ्याबरोबर निघून गेलेले असतात. तो हवा असेल त्यांनी येथील खजुराची पेस्ट घ्यावी, ती पोळीच्या सारणालाही चालते. बाटलीचे तोंड अरुंद असून झाकणाच्या आट्यांत सिरप सुकून बसते, हा एक किरकोळ पण रोजचा त्रास आहे. चोथा जनावरांच्या खाद्यासाठी दिला जातो.

रोल आणि बर्फी यांबद्दल तेवढे चांगले लिहिता येत नाही. खजूर, काजू, बदाम, पिस्ते आणि वर खसखस, अशी रचना सर्वत्र असते तशीच आहे; पण खजूर तुपावर परतताना जास्त शिजवल्याने रोल चिवट झाले आहेत, आणि सुक्यामेव्याचे प्रमाण वेष्टनावरील चित्राच्या मानाने बरेच कमी आहे. अंजिराची बर्फी त्यातल्या त्यात बरी. माझा खरा आक्षेप मात्र वेष्टनावर ठळक अक्षरात छापलेल्या 'शुगर फ्री' या शब्दांना आहे. पिकलेल्या खजुराच्या वजनाचा जवळपास दोन-तृतीयांश भाग साखरच असते. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार घन पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमहून जास्त नसेल तरच तो 'शुगर फ्री' म्हणता येतो. वरून साखर घातलेली नाही, एवढेच सांगायचे असेल तर तसे लिहावे आणि त्याशेजारी नैसर्गिक साखर असल्याची सूचनाही द्यावी. मधुमेह असलेले कितीतरी ज्येष्ठ नागरिक हे दोन शब्द वाचून निर्धास्तपणे बॉक्स उचलतात. दालनात माझ्या पुढे उभ्या असलेल्या आजोबांनी तेच केले. मी व्यवस्थापकांना हे सांगितले तेव्हा त्यांनी जुनी वेष्टने संपेपर्यंत थांबा, असे उत्तर दिले. आरोग्याशी संबंध असलेल्या बाबतीत हे उत्तर पुरेसे नाही. निदान एक चिकटपट्टी तरी त्या शब्दांवर लावता येईल.

खारकेची पूड हा या केंद्राचा दुसरा चांगला पदार्थ. खारीक म्हणजे नुसता वाळलेला खजूर नव्हे. फळ पूर्ण पिकण्याआधी, पिवळे किंवा लाल आणि कडक असतानाच उतरवायचे, उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि मग उन्हात वाळवायचे, अशी तिची कृती आहे. आपल्याकडची खारीक प्रामुख्याने पाकिस्तानातील सिंध प्रांतातून, खैरपूर-सक्करच्या बाजूने येत असे. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानी मालावर दोनशे टक्के आयात शुल्क लागले आणि मे २०२५ मध्ये त्या देशातून येणारी सर्वच आयात बंद झाली. ओटीत, लग्नाच्या रुखवतात आणि बाळंतिणीच्या लाडवांत खारीक लागतेच, त्यामुळे हा राजकीय निर्णय थेट घराघरांतील डब्यापर्यंत पोचला. ओमानमध्ये मबसली जातीचा खजूर मोठाल्या कढयांत उकळून खारीक करण्याची आणि ती भारतात पाठवण्याची चाल जुनी आहे, आणि सध्या या केंद्रात तीच खारीक वापरतात, असे सांगण्यात आले. ती आपल्या नेहमीच्या खारकेपेक्षा किंचित बारीक आणि रंगाने गडद दिसते, चवीत फारसा फरक नाही.

खारीक दळणे सोपे नाही. जराशी जरी ओल राहिली तरी चक्कीत तिचा चिकटा होतो, म्हणूनच गिरणीवाले ती घ्यायला तयार नसतात. येथे बी काढून तुकडे आधी ड्रायरमध्ये कुरकुरीत करतात, पूर्ण गार होऊ देतात आणि मग थोडीथोडी दळतात. पूड रवाळ आहे, डिंकाच्या लाडवांत ती तुपात छान फुलते आणि बीचा कचकचणारा कण एकदाही दाताखाली आला नाही. अडचण पाकिटाच्या आकाराची: किलोचे पाकीट उघडले की पावसाळ्यात ती हवेतील ओल धरून गड्डा होते. पाव किलोची पाकिटे केल्यास खप नक्की वाढेल.

खजुराच्या भाजलेल्या बियांची 'कॉफी' कुतूहल म्हणून एकदा पिऊन पाहावी. तिच्यात कॅफीन नाही आणि कॉफीचा आनंदही नाही.

जून-जुलैत येथे कच्छचा बारही जातीचा ताजा पिवळा खजूर घडासकट मिळतो. कच्छमध्ये फळ पूर्ण पिकण्याच्या सुमारास पाऊस येतो, त्यामुळे तेथे ते कडक असतानाच उतरवावे लागते. तेथे या ताज्या फळालाच 'खारेक' म्हणतात, आणि कच्छी खारेकला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. हे फळ पेरूसारखे कापून खायचे असते. ज्यांना मऊ आवडते त्यांच्यासाठी केंद्रात ते गोठवून पुन्हा सामान्य तापमानाला आणतात. बर्फाच्या कणांनी पेशी फुटतात आणि गर तपकिरी व रसाळ होतो. असा खजूर चवीला उत्तम असतो, पण त्याला दोन-तीन दिवसांत संपवावे लागते, म्हणून तो मोजकाच आणि आगाऊ सांगितल्यास मिळतो. महाराष्ट्राच्या कमी पावसाच्या पट्ट्यातही काही शेतकऱ्यांनी बारहीची लागवड केली आहे. त्यांचा माल घेऊन त्याला ही सोय देण्याचा केंद्राचा विचार असल्यास तो लवकर अमलात आणावा.

दर पेठेपेक्षा जास्त आहेत, झाहिदीत हा फरक चांगलाच जाणवतो. खजुरावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला, आणि येथील छापील किमतींत तो फरक उतरलेला दिसला. भेळेच्या चटणीसाठी किंवा मोठ्या पंगतीसाठी खजूर हवा असेल, तर पेठेतला झाहिदी स्वच्छ धुऊन वापरावा, जादा पैसे मोजण्याची गरज नाही. किमिया, मेदजूल आणि अजवा घ्यायचे असतील, तर जास्तीचे पैसे थंड साखळीचे, म्हणजे माल सतत थंड ठेवण्याच्या व्यवस्थेचे, आहेत असे समजून येथेच यावे. भेटवस्तूंचे मखमली बॉक्स दिसायला सुरेख आहेत, आत खजूर कमी आणि कागद जास्त.

बाहेरगावी माल पाठवण्याची सोय आहे, पण मार्च ते मे या काळात किमिया कुरिअरने मागवू नये. पुण्यातील नातेवाइकांना पाठवलेला डबा पाझरलेला पोचला. देगलेत नूर, खारीक पूड आणि सिरप कोणत्याही ऋतूत व्यवस्थित जाते. प्रक्रिया विभाग पाहायचा असेल तर सकाळी जावे, कारण निवडीचे टेबल दुपारपर्यंतच चालू असते.